खापरपणजोबांचा अर्धा ल

ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे दो सुल राज्याच्या डोंगराळ भागात, काशियस दो सुल आणि बेंतो गोन्साल्विस ही द्राक्षमळ्यांची गावं आहेत. तिथे कुठल्याही रविवारी कुणाकडेही जेवायला जा. कापेलेत्तीचं सूप संपून पोलेंता पानात पडेपर्यंत एक गृहस्थ खुर्ची सरकवत तुमच्या शेजारी येऊन बसतात. काखेत फुगलेली फाइल असते. "तुमचे खापरपणजोबा कुठले?" असं विचारतात. उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नये. त्यांना त्यांच्या खापरपणजोबांबद्दल सांगायचं असतं. आपण त्यांना शोधकबुवा म्हणू.

बुवांच्या दोन ठाम श्रद्धा असतात. पहिली, आपले खापरपणजोबा अगदी पहिल्या तुकडीत आले. दुसरी, ते साधेसुधे नव्हते.

पहिल्या श्रद्धेला इतिहास थोडासा आडवा येतो. 1875 च्या मे महिन्यात क्रिप्पा, रादाएल्ली आणि स्पेराफिको ही इटलीतल्या लोंबार्दी प्रांतातली तीन कुटुंबं नोवा मिलानोला पोचली, तिथून या भागातल्या इटालियन वसाहतीची सुरुवात धरतात. आता तीन कुटुंबांत अख्खा डोंगर बसवायचा म्हणजे कठीणच. शिवाय बहुतेक बुवा वेनेतो प्रांतातले. पण बुवा डगमगत नाहीत. "आमचे मागच्याच बोटीत होते," ते सांगतात. "खरं म्हणजे आधीच यायचे, पण ऐन वेळी खापरपणजी बाळंत झाल्या."

दुसऱ्या श्रद्धेला तर कशाचाच टेकू नाही. त्या काळी वेनेतोतली गरीब माणसं मक्याच्या पोलेंत्यावर जगत होती आणि नुसता मकाच खाऊन पेलाग्रा होऊन मरत होती. धान्य दळायला नेलं तर सरकार दळणावरही कर घेई. ज्याचा वाडा होता तो वाड्यात राहिला, बोटीत चढला तो ज्याच्याकडे मागे ठेवण्यासारखं काही नव्हतं तो. तरीही बुवांच्या दिवाणखान्यात घराण्याचं मानचिन्ह लटकलेलं असतं, सिंह आणि तीन तारे. शेजारच्यांच्या दिवाणखान्यातही तोच सिंह असतो, दुकान एकच असल्यामुळे. लग्नाच्या नोंदीत धंद्याच्या रकान्यात "शेतमजूर" निघालं, तेव्हा बुवांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे शेती क्षेत्रात होते."

संशोधनाची सुरुवात आत्याबाईंपासून होते. प्रत्येक घराण्यात नव्वदीतल्या एक आत्याबाई असतात आणि त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. डब्यात सुया, बटणं आणि कुणाचा तरी दात निघतो. कागद नाहीत. ब्राझीलचा हुकूमशहा वार्गास याच्या राजवटीत चारचौघांत इटालियन बोलणं गुन्हा ठरला होता, तेव्हा आजोबांनी घाबरून सगळी पत्रं चुलीत घातली, असं आत्याबाई सांगतात. मग त्या तोंडी इतिहास सांगतात. दुपारी खापरपणजोबा सरदाराच्या पदरी असतात, संध्याकाळी त्यांनी त्याच सरदाराला ठोसा मारलेला असतो. बुवा दोन्ही लिहून घेतात.

मग चर्चच्या वह्या. ब्राझीलमध्ये नागरी जन्मनोंद सक्तीची झाली ती 1889 पासून, त्यामुळे आधीचं सगळं पाद्र्यांच्या हस्ताक्षरात. वेनेतोमध्येही 1871 पर्यंत तोच प्रकार. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी जुनी नोंदणीपुस्तकं संगणकावर फुकट बघायची सोय केली आहे. तेव्हापासून बुवांच्या घरचे दिवे रात्री दोनला मालवतात. एका पहाटे त्यांनी बायकोला हलवून उठवलं. खापरपणजोबा जोवान्नी सापडले होते! आईबापांची नावं बरोबर, गाव बरोबर, साल बरोबर. बाईंनी अभिनंदन केलं आणि कूस बदलली. दुसऱ्या रात्री बुवा मृत्यूंच्या नोंदी चाळत असताना तेच जोवान्नी पुन्हा सापडले, वय वर्षं दोन, तापाने वारले. आठवडाभर बुवांच्या घशाखाली घास उतरेना. दोन वर्षांचे असताना वारलेले खापरपणजोबा पुढे अकरा मुलांचे बाप झाले होते. शेवटी आत्याबाईंनीच उलगडा केला. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत होती. बुवांनी आठवडाभर चुकीच्या जोवान्नीचं सुतक पाळलं होतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर इटलीच्या पासपोर्टसाठी. गोव्यातल्या जन्मनोंदी लिस्बनला पाठवणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. इटलीच्या जुन्या कायद्यात रक्ताच्या नात्याला पिढ्यांची मर्यादा नव्हती. पूर्वज इटालियन होता आणि मधल्या कुणी ते नागरिकत्व सोडलं नाही, एवढं सिद्ध केलं की झालं. त्यामुळे खापरपणजोबांनी काय केलं, यापेक्षा काय केलं नाही याला महत्त्व आलं. त्यांनी जंगल तोडलं, कर्जाने मिळालेल्या जमिनीवर पहिला हिवाळा आराउकारिया झाडाच्या बिया उकडून खाऊन काढला, द्राक्षं लावली. यातलं काहीही अर्जात लिहायला रकाना नव्हता. त्यांनी एक फॉर्म भरला नाही, त्यावर मात्र सगळं अडलं होतं.

त्या न भरलेल्या फॉर्मची कथा सांगताना बुवा उभे राहतात. 1889 साली ब्राझीलमध्ये राजाला घालवून प्रजासत्ताक आलं. नव्या सरकारने जाहीर केलं की देशात राहणारे सगळे परदेशी आता ब्राझिलियन, ज्यांना नको असेल त्यांनी सहा महिन्यांत कळवावं. खापरपणजोबांनी कळवलं नाही. ते वर डोंगरात खेचराचा नाल ठोकत होते, त्यांना सरकार बदलल्याचाही पत्ता नसावा. मग ते ब्राझिलियन झाले की नाही? 2022 साली इटलीच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला, नुसतं गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. "133 वर्षांनी!" बुवा टेबलावर हात आपटतात. "माणूस नुसता गप्प बसला आणि 133 वर्षांनी जिंकला!" बुवांच्या पत्नी या वेळी त्यांच्याकडे अशा काही बघतात की त्यांना हा गुण घराण्यात पुढे उतरला नाही याचं वाईट वाटत असावं.

शेजाऱ्यांपेक्षा आपण नशीबवान, असंही बुवा मानतात. शेजाऱ्यांचे पूर्वज त्रेंतोचे. बोलणं इटालियन, जेवण इटालियन, पण निघाले तेव्हा त्रेंतो ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं, म्हणून कागदोपत्री ऑस्ट्रियन. त्यांच्यासाठी काढलेल्या खास कायद्याची मुदतही 2010 मध्ये संपली.

बुवांची अडचण वेगळीच होती. इटलीतल्या नोंदीत आडनाव झानेल्ला. ब्राझीलच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, झानेला. बोटीपासून नोंदणी कचेरीपर्यंत कुठेतरी अर्धा ल समुद्रात पडला. जोवान्नीचे जुआंव झाले ते चालतं, पण आडनाव जुळलं पाहिजे असं वकिलाचं म्हणणं. बुवांनी दुरुस्तीचा दावा लावला. गंमत अशी, की खापरपणजोबांनी स्वतः आडनाव कधी एक ल घालूनही लिहिलं नाही आणि दीडही. सहीच्या जागी सगळीकडे फुली आहे.

तोवर इकडे भाऊबंद गोळा झाले. बुवा थडग्यांवरचं शेवाळ घासत होते तेव्हा ज्यांना वेळ नव्हता, ते फाइल जाड झाल्यावर "आमचंही नाव घाला" म्हणू लागले. 2025 लागताच इटलीने नागरिकत्वाच्या दाव्यांना माणशी 600 युरो फी लावली, तेव्हा त्यातले निम्मे परत ब्राझिलियन झाले. तिकडे इटलीतल्या छोट्या गावांची दमछाक चाललीच होती. वाल दि झोल्दो नावाच्या डोंगरातल्या गावात तर महापौरांनी ब्राझीलहून येणाऱ्या अर्जांच्या निषेधार्थ पालिकेवर ब्राझीलचा झेंडा लावला. बुवांनी त्या झेंड्याचा फोटो अभिमानाने सगळ्यांना पाठवला. त्यांना तो सत्कार वाटला.

28 मार्च 2025 रोजी रोमहून वटहुकूम निघाला. परदेशात जन्मलेल्यांना आता आईवडील किंवा आजीआजोबांपर्यंतच नातं दाखवता येणार, त्यामागचे पूर्वज बाद. जुन्या नियमाने अर्ज करायची शेवटची तारीख 27 मार्च. म्हणजे शेवटची तारीख कळली तेव्हा ती कालची होती. 20 मेला डोंगरात इटालियन आगमनाच्या दीडशे वर्षांचा सोहळा. तिरंगी पताका, वाद्यवृंद, भाषणं. नेमक्या त्याच दिवशी रोमच्या संसदेने या वटहुकमाला अंतिम मंजुरी दिली. बुवांनी त्या दिवशीही भाषण ठोकलं. मागच्याच बोटीची हकिगत सांगितली.

भाऊबंदांचा व्हॉट्सॲप गट ओस पडला. बुवा मात्र थांबले नाहीत. पासपोर्टचा प्रश्न मिटल्यापासून त्यांना खापरपणजोबा जास्त आवडू लागले आहेत. आता ते निष्कलंक असायची गरज नाही. शेजाऱ्याशी बांधावरून झालेली मारामारी, न फेडलेलं कर्ज, सगळं बुवा आनंदाने वहीत उतरवतात. "शेतमजूर" हा शब्दही आता स्पष्ट वाचून दाखवतात.

आणि मग दुरुस्तीच्या दाव्याचा निकाल लागला. बुवा जिंकले. न्यायालयाने अर्धा ल परत दिला, खापरपणजोबांपासून थेट बुवांपर्यंत. आता बुवा झानेल्ला आहेत. खर्च नको म्हणून दाव्यात न आलेला सख्खा भाऊ झानेलाच राहिला. मुलांनी बँक, परवाना, पदवी सगळं बदलायला साफ नकार दिला, तीही झानेला. एकाच घरात दोन आडनावं झाली. आणखी शंभर वर्षांनी एखादा शोधकबुवा बिस्किटांचा डबा उघडून कपाळाला हात लावेल आणि हा घोळ कुठल्या गाढव कारकुनाने घातला म्हणून दोन शिव्या हासडेल. त्याला काय माहीत, या खेपेस कारकून निर्दोष होता.