हातातलं टाकून ये

घरातल्या कामांची वाटणी लोक नाना प्रकारे करतात. सोपी-अवघड, रोजची-सणाची, बायामाणसांची-बाप्यांची. घरात लहान पोरं आली की या सगळ्या वाटण्या मोडीत निघतात आणि एकच शिल्लक राहते: हातातलं टाकून उठता येतं ती कामं आणि उठता येत नाही ती कामं. भाजी निवडणं पहिल्यातलं, लाडवांचा पाक दुसऱ्यातला. लसूण सोलणं पहिल्यातलं, दूध तापवणं दुसऱ्यातलं. वर्तमानपत्र वाचणं खरं म्हणजे पहिल्यातलं, पण आमच्याकडचे बाप्ये ते दुसऱ्यात धरतात आणि त्यावर चर्चेला तयार नसतात.

हा फरक पोरांना उपजतच कळतो. पाक एकतारीवरून दोनतारीकडे निघाला की धाकटा संडासातून "आई, झाली!" अशी आरोळी ठोकतो. मी लसूण सोलत बसते तेव्हा त्याला कधीच होत नाही.

पहिल्या गटातलं सगळ्यात सोयीचं काम म्हणजे क्रोशे. दोन सुयांवरच्या लोकरीच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जीव धरून बसलेली असते. घाईनं उठताना सुई निसटली की टाके भराभर गळतात. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा असतो. तो जरा लांब ओढून ठेवायचा, सुई काढून अंबाड्यात खोचायची आणि उठायचं. नाक पुसून, भांडण सोडवून, दूधवाल्याचा हिशेब करून परत या. तो टाका तसाच वाट बघत असतो. आयर्लंडात 1845 नंतर बटाट्याचं पीक सालोसाल कुजत गेलं तेव्हा तिथल्या जोगिणींनी गरीब घरांतल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आणि त्या लेसवर कित्येक घरांची चूल पेटली. एक सुई, थोडा दोरा आणि मांडीवर मूल, एवढ्या भांडवलावर चालणारा धंदा दुसरा कुठला असणार? पुढे मिशनच्या शाळांनी तेच काम हिंदुस्थानात शिकवलं. ते फिरत फिरत आमच्याकडच्या रुखवतात येऊन बसलं, आणि आयर्लंडात भाकरीसाठी चाललेली सुई इथे रेडिओवर पांघरूण घालायच्या कामी लागली.

रेडिओनंतर टीव्ही आला, त्याच्या डोक्यावर अननसाच्या नक्षीचा रुमाल आला. मग टीव्ही चपटा होऊन भिंतीला चिकटला आणि रुमाल बेघर झाला. सासूबाईंनी तो सध्या वायफायच्या डबीवर घातला आहे. "धूळ बसत नाही," म्हणतात. डबीचे दोन कान रुमालाच्या भोकांतून बाहेर काढलेत.

माझं माहेर सातारा, सासर सांगली. दोन्ही गावं कृष्णेकाठची, पण हवेत जमीन-अस्मान. माझी आई शाहूपुरीत बसून लोकर विणते. तिच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, पावसाळ्यात तोही दिसत नाही, आणि त्या गारठ्यात तिला जगातली सगळी लेकरं उघड्या डोक्याची वाटतात. थोरलीच्या बाळंतविड्यात तिनं लोकरीची टोपडी, मोजे, कुंची असा ऐवज पाठवला. ऐन एप्रिलात. सांगलीच्या एप्रिलात माणसं फरशीला पाठ लावून झोपतात. सासूबाईंनी एकेक टोपडं उलटून पालटून पाहिलं, "काम झकास आहे हो विहीणबाईंचं," म्हणाल्या आणि पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलं. थंडी पडेपर्यंत पोरीचं डोकं टोपड्याच्या दीडपट झालं. ती टोपडी आता थोरलीच्या बाहुल्या घालतात आणि सासूबाई स्वतः सुती दोऱ्याची विणतात. सुती टोपड्याला हवा लागते, असं त्यांचं म्हणणं. साताऱ्याला हे अजून पटलेलं नाही.

गोल रुमालाचं एक गणित आहे. सहा साखळ्यांचं कडं, त्यात पहिल्या फेरीला 12 खांब, दुसरीला 24, तिसरीला 36. दर फेरीला बारा वाढले तर रुमाल सपाट बसतो. कमी पडले की त्याची वाटी होते, जास्त झाले की झालर. हे गणित पक्कं ठाऊक असून उपयोग नाही, कारण सव्विसाव्या खांबाला थोरली विचारते, "आई, पालीला दात असतात का?" असतात, बारीक असतात, असं सांगून परत मोजायला घ्यावं तर धाकट्याला पालीचे दात बघायचे असतात. आमच्या घरात त्यामुळे सपाट रुमाल कमी आणि वाट्या फार. थोरलीनं त्या सगळ्या भातुकलीत नेल्या आहेत. मुक्या खांबाची वाटी घट्ट होते, तिच्यात चुरमुरे राहतात. उभ्या खांबाच्या वाटीतून गळतात. हा शोध तिचा.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. दोन सुयांवरची वीण यंत्रावर सर्रास होते. खरं क्रोशे करणारं यंत्र अजून बाजारात नाही. बाजारात मिळतं ते वरून तसं दिसणारं. तेव्हा कुणाच्या घरी टेबलावर खरा क्रोशाचा रुमाल असेल तर त्याचा प्रत्येक खांब कुणीतरी हातानं घातलेला आहे. आणि तो आख्खा रुमाल शेपटीच्या दोऱ्याला धरून एका दमात उसवणारं यंत्र तीन वर्षांचं असतं व आपल्याच घरात जेवतं.

साताऱ्याहून सांगलीला एसटीनं जावं की रेल्वेनं, यावर आमच्याकडे कायमचा वाद. माझं मत रेल्वेला. पेठ नाक्यापुढे एसटीत सुई कुठे जाईल सांगता येत नाही, पॅसेंजरमध्ये दोऱ्याचा गुंडा फार तर समोरच्यांच्या बाकाखाली जातो, आणि समोरच्या आजी तो काढून देताना "किती नंबरचा दोरा?" विचारतात. तिथून पुढे कऱ्हाडपर्यंत पोरांकडे कोण बघतंय हे कुणालाच ठाऊक नसतं. ताकारी गेलं की किर्लोस्करवाडी येतं. 1910 साली औंध संस्थानच्या माळावर वसलेल्या या कारखान्याच्या गावातून 1930 साली 'स्त्री' मासिक निघालं. नांगर आणि पंप करणाऱ्या गावानं बायकांचं मासिक काढावं हे मला अजून नवलाचं वाटतं. प्रतिसरकारमुळे नावाजलेलं कुंडल इथून हाकेच्या अंतरावर. 'रुचिरा'वाल्या कमलाबाई ओगले जन्मानं त्या कुंडलच्या. 'रुचिरा' 1970 साली आली आणि तिनं तोळा-मासा, पौंड-औंस बाजूला सारून वाटी-चमच्याचं माप धरलं. घरात तराजू नसतो, वाटी असते, हे त्यांनी बरोबर ओळखलं. माझ्या घरी वाटीही नसते. ती भातुकलीत असते.

आणि इथे केकचा विषय येतो. तो दुसऱ्या गटातला, उठू न देणाऱ्या कामांचा शिरोमणी.

दही घालून बिनअंड्याचा केक करतात तेव्हा सोडा दह्याला भेटला की लगेच बुडबुडे धरतो. त्या बुडबुड्यांवरच केक फुगायचा असतो, म्हणून मिश्रण झटपट भांड्यात ओतून आचेवर गेलं पाहिजे. उशीर झाला की हवा निघून जाते आणि केकचा ढोकळाही होत नाही, नुसती वडी होते. सोडा दह्यात पडला, ढवळायला घेतलं की संडासातून आरोळी येते, हे आता वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे केक कुकरात होतो. तळाला मीठ, त्यावर ताटली, त्यावर भांडं, झाकणाची रिंग आणि शिटी काढलेली. मंद आचेवर पाऊण तास. या पाऊण तासात झाकण उघडायचं नाही, एवढा एकच नियम, आणि घरातली सगळी माणसं तो मोडायच्या निमित्तावर टपलेली. गेल्या वाढदिवसाला केक झाला का बघायला नवऱ्याला सुरी सापडेना, म्हणून त्यानं माझी क्रोशाची सुई खुपसली. सुई बाहेर काढली तर आकड्यात ओलसर चुरा. "कच्चा आहे," म्हणून दहा मिनिटं वाढवली. परत खुपसली, परत चुरा. आकडा असलेल्या कुठल्याही वस्तूबरोबर काहीतरी बाहेर येणारच, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत केक खालून बैलपोळ्याच्या बैलाच्या रंगाचा झाला होता. इंजिनिअर माणूस आहे. वरचा भाग पोरांनी खाल्ला. त्यात पेरलेले तासगावचे बेदाणे सगळे तळाला जाऊन बसले होते. ते जळक्या बाजूला गेल्यामुळे कुणालाच मिळाले नाहीत.

त्याच दिवशी थोरलीनं उरलेला सोडा भातुकलीत नेला आणि पिवळा केक करायचा म्हणून त्यात हळद-पाणी घातलं. हळद लालभडक झाली. पोरगी घाबरून हात मागे लपवून उभी. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, "अगं, कुंकू असंच करतात. हळदीला खार लागला की ती लाल होते." सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, शहराचा निम्मा बाजार हळदीवर उभा, आणि ही गोष्ट मला सोड्याच्या पुडीनं कळावी! तो केक बाहुल्यांच्या कपाळाला लागला. त्या दिवसातला यशस्वी पदार्थ तोच.

म्हणून मी आता या मताला आले आहे की पोरं लहान आहेत तोवर घरात भाजू नये. आपल्या आयांना हे माहीत होतं. मे महिन्यात किंवा दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोडा पिशवीत घालायचा, रिकामे पत्र्याचे डबे घ्यायचे आणि नानकटाईसाठी बेकरी गाठायची. भाजणावळ किलोवर. साताऱ्यात आम्ही आईबरोबर जायचो आणि मैद्याच्या पोत्यांवर बसायचो. बेकरीतला माणूस परातीत तूप-साखर तळव्यानं फेसत राहायचा, पांढरंशुभ्र होईपर्यंत. मग मैदा, मग लिंबाएवढे गोळे पत्र्यावर, मध्ये बोट ठेवायला जागा सोडून, आणि वर एकेक चारोळी. चारोळ्या लावायचं काम पोरांचं. ते बरेचसे दाणे पोटात जायचे, त्याला कुणी हरकत घेत नसे.

लाकडाच्या भट्टीचं तंत्र असं असतं की पहाटे ती कडक तापलेली असताना पाव भाजून होतात. मग ती सावकाश निवत जाते. त्या उतरत्या आचेवर बिस्किटं, नानकटाई, आणि शेवटी अगदी मंद धगीत टोस्ट वाळतात. विटांनी उष्णता इतकी धरून ठेवलेली असते की तोंड उघडून आत लांब फावडं घातलं तरी भट्टीला काही वाटत नाही. कुकराचं झाकण उघडणाऱ्या माणसांच्या घरात याच सहनशीलतेची उणीव असते. म्हणून बेकरीवाले घरगुती माल दुपारचा घेतात, आणि म्हणून तिथे दोन-तीन तास बसावं लागतं. आईला ते तास हवेच असायचे. तिची क्रोशाची पिशवी बरोबर असे. तिथे तिला हाक मारणारं कुणी नव्हतं. आम्ही चारोळ्या खात होतो.

आमच्या सांगलीतली बेकरी अजून घरचं पीठ-तूप घेते. पोरांनाही तिथे न्यायला हरकत नाही, भट्टीपासून लांब बसवा म्हणजे झालं. जायचंच असेल तर वसुबारसेच्या आत जा, नंतर बेकरीवाले ऐकत नाहीत. तूप घट्ट असू द्या, पातळ केलेलं नको. डबे आदल्या दिवशी उन्हात वाळवा. आणि नाव डब्यावर लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.