गाडीचा चातुर्मास

शेजारचे नाना सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेला निघाले, म्हणजे आधी गाडी निघाली. झोपायला. देवही आषाढीला झोपतात, पण त्यांच्या टाकीत कुणी काठोकाठ पेट्रोल भरत नाही. नानांनी भरलं, रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं म्हणे. (होतं, खरंच.) टायरमध्ये ३३ ऐवजी ३८ हवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून टोकांना पेट्रोलियम जेली इतक्या हळुवार लावली, की काकू म्हणाल्या, "माझ्या टाचांना कधी लावलीत का हो?"

हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेक चिकटतात. म्हणून पहिला गिअर आणि चाकांना विटा. विटा सोसायटीच्या तुळशीवृंदावनाच्या. त्यावरून कमिटीची मीटिंग झाली, ती वेगळी. सायलेन्सरच्या तोंडात जुन्या बनियनचा बोळा. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या. वॉचमन हल्ली त्या जागेची फार निगराणी ठेवतो.

शेवटी सुती कव्हर. प्लास्टिकचं नको, आत घाम धरतो. ते चढण्याआधी मी सहज मीटर पाहिला: ९ वर्षांत ११,००० किलोमीटर. मंडई, बँक आणि नवरात्रात चतुःशृंगी. एरवी हीच जागा, हेच कव्हर.

निघताना नानांनी किल्ली माझ्या हाती ठेवली. "पंधरा दिवसांनी एकदा चालू करा."

"आणि वायर?"

"जोडायची, वीस मिनिटं इंजिन चालवायचं, परत सोडायची. बोळा तेवढा आधी काढा."