स्लॅबवर पत्रे

सिंधुदुर्गातल्या आरोंद्याच्या चाकरमान्याला घर दुरुस्त करायचं झालं, की तो आर्किटेक्ट निवडतो मुंबईचा. हा माणूस येतो, जांभ्याच्या भिंतींना 'रस्टिक' म्हणतो, मंगळुरी कौलं उतरवतो आणि सपाट स्लॅब टाकून मोकळा होतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे ड्रॉइंगात दाखवायची सोय नसावी. मिरगातच स्लॅब गळायला लागतो. मग त्यावर पत्र्याचं उतरतं छप्पर चढतं. म्हणजे आकार जुन्या घराचाच, फक्त पैसे दोनदा. गावच्या गवंड्याला विचारलं नव्हतं. त्याच्याकडे व्हिजिटिंग कार्ड कुठलं! तेव्हा कुणालाही काम देण्याआधी त्यानं बांधलेलं एखादं घर भर आषाढात बघून या. आणि चतुर्थी कितीही जवळ आली असली, तरी पैसे त्यानंतरच मोजा.