अनुदानापुरतं सेंद्रिय कसं व्हावं

वारणानगरच्या आसपास राहून सेंद्रिय शेतकरी व्हायचं मनात आलंय? अभिनंदन, आणि थोडी सहानुभूतीही. तात्यासाहेब कोऱ्यांनी इथल्या माळावर साखर कारखाना उभा केला, त्याला साठहून जास्त वर्षं झाली. तेव्हापासून कोडोलीपासून सातवे-काखेपर्यंत नजर टाकाल तिथं ऊस आहे. तुमच्याही रानात ऊसच आहे, आणि तो काढायचा तुमचा अजिबात विचार नाही. काळजी नको. खाली दिलेल्या पायऱ्यांत ऊस बदलायचा नाही, खत बदलायचं नाही. बदलायचे ते फक्त कागद.

1. आधी हिशेब नीट समजून घ्या.

केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना 2015-16 पासून चालू आहे. आताच्या निकषांनुसार तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये मिळतात. आकडा ऐकून लगेच ट्रॅक्टरच्या शोरूमकडे वळू नका. त्यातले 15,000 निविष्ठांसाठी तुमच्या खात्यावर येतात. 9,000 प्रशिक्षणाला, 4,500 विक्री, पॅकिंग आणि ब्रँडिंगला, 3,000 प्रमाणीकरणाला. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम तुम्हाला शहाणं करण्यात, तुम्ही शहाणे झालात हे तपासण्यात आणि त्यावर लेबल लावण्यात जाते.

आता तुमच्या वाट्याचे 15,000 तीन वर्षांत वाटा, मग अडीच एकरांत, मग एकराच्या चाळीस गुंठ्यांत. गुंठ्याला वर्षाला 50 रुपये. वाटणीत वीस गुंठे आले असतील तर वर्षाला हजार. इथं एक पथ्य पाळा: तुलना करू नका. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला 50 रुपये मंजूर केले. तुमचा गुंठा वर्षभरात मिळवतो तेवढं ती एका दिवसात मिळवते. मत्सर नको. ती राज्यमाता आहे, तुम्ही लाभार्थी आहात.

2. गट जमवा.

वीस हेक्टरांचा, म्हणजे पन्नास एकरांचा समूह लागतो. जिथं सातबारा गुंठ्यांवर आलाय तिथं पन्नास एकर म्हणजे अर्धी गल्ली झाली. घाबरू नका, कृषी खात्याच्या साहेबांनाही लक्ष्यांक असतो. मार्च जवळ आला की तुम्हाला त्यांची जेवढी गरज, त्याहून त्यांना तुमची जास्त.

प्रमाणीकरण पीजीएस पद्धतीनं होतं. किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट करायचा आणि एकमेकांची शेतं एकमेकांनीच तपासायची. पद्धत मुळात शहाणपणाची आहे. तुमच्या रानाची खबर शेजाऱ्याला असते तेवढी दिल्लीहून आलेल्या निरीक्षकाला कुठून असणार? म्हणूनच माणसं निवडताना डोकं लावा. ज्याच्याशी बांधावरून दावा चालू आहे त्या चुलतभावाला चुकूनही घेऊ नका. त्याला तुमच्या दारातलं युरियाचं पोतं पाच रानं पलीकडून दिसतं. मेहुणा चांगला. साडू त्याहून चांगला. तपासणी साधारण अशी झाली पाहिजे:

"दाजी, युरिया टाकलासा काय?"

"टाकला न्हाई रं. पोतं फाटलं, पडला."

"मग 'न्हाई' लिवतो. चहा ठेवाय सांगा."

3. एकदा तरी जीवामृत करा.

फोटोसाठी लागतं. 200 लिटर पाण्याचं निळं बॅरल, दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. शेण देशी गाईचंच हवं, असं अमरावतीचे सुभाष पाळेकर सांगतात. इथल्या गोठ्यात मात्र दुधाच्या फॅटवर संसार चालतो, त्यामुळे खुंट्याला मुऱ्हा नाही तर एचएफ बांधलेली असते. गल्लीत एखादी खिलार असेल तर तिच्या मालकाशी आत्ताच गोड बोलून ठेवा. योजनेच्या काळात तिला फार मागणी असते.

गूळ कोल्हापुरीच घ्या, भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. तो ज्या उसाचा झाला त्या उसाला किती पोती पडली होती, ते गुऱ्हाळवाल्याला विचारू नका. बेसन घरात सांगून घ्या. कालवायला काठी घेतली की ती घड्याळाच्या दिशेनं फिरवा, आणि कॅमेरा बंद होईपर्यंत थांबू नका.

4. युरिया सोडू नका. सोडणं परवडणार नाही.

ही पायरी भावनेनं नाही, गणितानं समजून घ्या. आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी 400 किलो नत्राची. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरला तर तेवढ्यासाठी 80 टन शेणखत लागेल, म्हणजे पंचवीस-सव्वीस ट्रॉल्या. त्यासाठी तुमच्याकडे गुंठ्याला 50 रुपये आहेत. उलट 45 किलोचं युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं, कारण खऱ्या किमतीतला मोठा वाटा सरकार भरतं. 2024-25 च्या अर्थसंकल्पात केंद्रानं खत अनुदानाला सुमारे 1 लाख 64 हजार कोटी ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर झालं, एकूण 2,481 कोटींचं, आणि त्यातही राज्यांचा वाटा धरून. एका वर्षाच्या खत अनुदानात हे अख्खं अभियान 66 वेळा बसतं. सरकारला खरंच काय हवंय, असा प्रश्न कुणी विचारला तर पासबुकाकडे बोट दाखवा.

मन खात असेल तर एक दिलासा आहे. 2015 पासून शेतीसाठीचा जवळजवळ सगळा युरिया कडुनिंबाचं तेल लावूनच येतो. दशपर्णी अर्काच्या दहा पाल्यांपैकी एक त्यातच आला असं समजा. राहिले नऊ.

5. पाण्याचा आणि शेजाऱ्याचा विषय काढू नका.

नियमानं तुमच्या रानात आणि रासायनिक शेताच्या मध्ये मोकळा पट्टा हवा. वीस गुंठ्यांत चारी बाजूंनी पट्टा सोडला तर मधे तुळशीवृंदावनापुरती जागा उरते, तीही सेंद्रिय असेलच असं नाही. शेजारी तणनाशक मारतो तेव्हा वारा तुम्ही कुणाच्या गटात आहात हे विचारत नाही. शिवाय 2019 ला आणि 2021 ला वारणा पात्राबाहेर आली, तेव्हा वरच्या सगळ्या शिवारांतली खतं एकत्र करून तुमच्या सरीत सोडून गेली. नदीला नोटीस काढता येत नाही.

6. प्रशिक्षणाला जा. जेवण चांगलं असतं.

हेक्टरी 9,000 कुठं जातात ते इथं कळतं. पहिल्या रांगेत बसू नका, तिथं झोप लागली तर फोटोत दिसते. अभ्यास दौऱ्यात कणेरी मठ असेल तर मात्र सावध राहा. तिथं शेती खरोखर करतात. प्रश्न विचारलात तर उत्तर मिळतं, आणि उत्तर घेऊन घरी आलं की पोत्याकडे बघताना अवघड होतं.

प्रशिक्षणानंतर साहेबांची तपासणी येते. तिच्या आदल्या दिवशी गांडूळ खताचा बेड अंगणातून रानात न्या. त्यातली ओली मिरची आणि कोथिंबीर आधी उपटा. फलक असा लावा की मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश आणि योजनेचं नाव एकाच फोटोत येतील. मागं खतांची रिकामी पोती वाळत घातलेली नाहीत ना, एवढं बघा.

7. गटात एक खरा वेडा घ्या.

ही टीप बाकी कुठं मिळणार नाही. प्रत्येक गावात एकजण असतोच. तो पाचट जाळत नाही, सरीत कुजवतो. भांगलणीला बाया मिळत नाहीत म्हणून घरची चौघं खुरपं घेऊन बसतात. पहिली दोन वर्षं टनेज घटतं, सोसायटीचं कर्ज थकतं, भावकी हसते. तिसऱ्या वर्षी मातीत हात घातला की ढेकूळ फुटायला लागतं, गांडूळ आपणहून दिसतं, खोडवा जरा बरा येतो. नेमकं तेव्हा योजनेचं तिसरं वर्ष संपतं आणि त्याच्या खात्यावर काही यायचं बंद होतं.

त्याच्याशी वाद घालू नका. अवशेष तपासणीला नमुना पाठवायची वेळ आली की पिशवी घेऊन त्याच्याच रानात जा. अख्ख्या गटाचा अहवाल स्वच्छ येतो. चहा तोच पाजतो.

8. विक्रीची चिंता सोडा.

प्रमाणपत्र हातात आलं तरी तुमचा ऊस कारखान्याच्या त्याच गव्हाणीत पडतो जिथं सगळ्यांचा पडतो. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये, वेड्यालाही आणि तुम्हालाही. वेडा म्हणतो, मी स्वतःचा गूळ करून पुण्यात विकीन. त्याला शुभेच्छा द्या. गुऱ्हाळाचं जळण, गुळव्याची मजुरी, डबे, गाडीभाडं हे सगळं त्यानं स्वतःच बघायचं. ब्रँडिंगच्या 4,500 मधून गटाला लेबलं छापून मिळाली असतील तर ती तेवढी त्याला द्या. तुमच्या कामाची नाहीत.

9. चौथ्या वर्षाची तयारी दुसऱ्या वर्षीच करा.

योजना संपते, योजनांचा पुरवठा संपत नाही. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी सुरू झालेलं डॉ. पंजाबराव देशमुख मिशन आता राज्यभर आलंय. राज्याच्या 2023 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत 25 लाख हेक्टर नैसर्गिक शेतीखाली आणायची घोषणा झाली. एवढे हेक्टर कुठून तरी आणायचे आहेत, मग तुमचे वीस गुंठे का नकोत? रान तेच, बॅरल तेच, फलकावरचं नाव तेवढं नवं.

अडचण एकच: अर्जात "यापूर्वी लाभ घेतला आहे काय" असा रकाना असतो. म्हणून लक्ष्मी मुक्ती योजनेतून सातबाऱ्यावर बायकोचं नाव आत्ताच लावून घ्या. त्यानंतर आईचं. मग सुनेचं. सून अजून यायची असेल तर पुढची योजना जाहीर व्हायच्या आत पोराचं लग्न उरकून टाका, आणि मुलीकडच्यांना विचारताना त्यांच्याकडे एखादी खिलार आहे का, तेही बघा.