जरा पुढं चालायला लागा

पुण्याच्या वेशीवर, जिथं महापालिकेच्या पाण्याआधी बिल्डरचं ब्रोशर पोचतं, तिथं एक नवा समाज नांदतो आहे. शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडं, वारकऱ्याचे पंढरीकडं, तसे या मंडळींचे डोळे दर महिन्याच्या पाच तारखेकडं. त्या दिवशी सकाळी बँकेचा मेसेज येतो, हप्ता वळता होतो आणि पुढं पंधरा मिनिटं घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. या समाजाला आपण हप्तेकरी म्हणू. रावेत, मोशी, ताथवडे या भागांत त्यांची वस्ती दाट आहे. इमारतींची नावं इटलीची, पाणी टँकरचं.

हप्तेकरी ओळखायला सोपा. लिफ्टमध्ये तो ‘कसं काय’ विचारत नाही. ‘तुमचा रेट किती चाललाय?’ असं विचारतो. त्याच्या घरात टूथपेस्टची नळी आधी लाटण्याखालून जाते आणि मग कात्रीनं तिचं पोट फाडलं जातं. साबणाची चिपटी नव्या वडीच्या पाठीवर बसवली जाते. शाम्पूच्या बाटलीत तीनदा पाणी घातलं जातं. तिसऱ्या वेळी केसांना नुसता वास मिळतो. रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा होतो, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो आणि फोडणीचा भात उरलाच तर त्याची थालीपिठं लागतात. अन्नाला या घरात मरण नाही, फक्त पुनर्जन्म आहेत.

पंख्याचं खातं कर्त्या पुरुषाकडं असतं. खोलीतून कोणीही बाहेर पडलं की मागून ‘पंखा!’ अशी गर्जना होते. छताचा साधा पंखा ७५ वॅटचा. तासभर बंद ठेवला आणि विजेचा दर अगदी दहा रुपये युनिट धरला, तर वाचतात बारा आणे. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही? महावितरणच्या बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो. त्यामुळं महिनाअखेरीस साहेब मीटरसमोर उभे राहून आकडा वाचतात आणि घरात फर्मान सुटतं: इस्त्री आता पुढच्या महिन्यात.

भाजीचं खातं बाईंकडं. तिथलं शास्त्र जुनं आणि सिद्ध आहे. कोथिंबिरीची जुडी उचलायची, भाव विचारायचा, ‘सोनं लावलंय का मावशी?’ म्हणून हसायचं, जुडी जागच्या जागी ठेवायची आणि चालायला लागायचं. एक पाऊल. दुसरं पाऊल. तिसऱ्या पावलाला मागून हाक येतेच, “ताई, या इकडं, पंधराला न्या!” वर कढीपत्ता फुकट.

अशा या काटकसरी कुटुंबानं घर कसं घेतलं, ते आता पाहू.

एका रविवारी संध्याकाळी हे कुटुंब बिल्डरच्या गार हवेच्या ऑफिसात गेलं. काचेखाली इमारतीचं छोटं मॉडेल होतं. त्यात स्पंजची झाडं होती आणि बोटाएवढी माणसं निवांत फिरत होती. कोणीतरी कोल्ड कॉफी आणून दिली. फुकट कॉफी पाहून कर्ता पुरुष इतका भारावला, की त्यानं ६५ लाख हा आकडा एका घोटात गिळला. सातव्या मजल्याला चौथ्यापेक्षा जास्त पैसे का, हे कोणी विचारलं नाही. बागेकडची खिडकी म्हणून आणखी काही हजार लागले. ती बाग अजून मॉडेलमध्येच आहे. मोकळं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे न्यायालयानंही सांगून झालंय आणि महारेरानंही. मग पार्किंगचे पैसे वेगळ्या नावाखाली घेतले गेले, आणि आमच्या माणसानं ते वेगळ्या नावाखाली दिले.

पुढं ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४ लाख ५५ हजार. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर, म्हणून ५ टक्के जीएसटी, सव्वातीन लाख. भिंतीला हात लावायच्या आधी ८ लाख १० हजार गेले, आणि ‘जरा पुढं चालायला लागा’ असं या नवरा-बायकोला कोणी म्हणालं नाही.

यातली एक गंमत तर फारच गोड आहे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ६५ लाखांवर ६५ हजार रुपये. बाईंनी ही गोष्ट काढून पाहिली होती. साहेब म्हणाले, “दारावरच्या पाटीवर माझं नाव नको का?” ६५ हजार रुपये पंखा बंद ठेवून मिळवायचे, तर रोज एक तास या हिशेबानं २३७ वर्षं लागतात. साहेबांनी त्याच संध्याकाळपासून सुरुवात केली.

मग बँक. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता ४३,३९१ रुपये. साहेबांनी सह्या केल्या, ‘इथं, इथं आणि इथं’. एकाही पानावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. हाच माणूस वाण्याच्या बिलावर बोट फिरवून हिंग दोनदा लागलाय का ते पाहतो. जाता जाता एक लाखाचा विमा कर्जातच घालून मिळाला. घ्यायलाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण टेबलापलीकडच्या मुलानं ‘सगळेच घेतात सर’ म्हटलं. हा एक लाख २० वर्षांत २ लाख ८ हजारांना पडतो. कोथिंबिरीच्या बाबतीत ‘सगळेच घेतात’ हा युक्तिवाद मावशीनं करून पाहावा!

पहिल्या हप्त्याची फोड साहेबांनी वर्षभरानं पाहिली. ४३,३९१ मधले ३५,४१७ व्याजाचे आणि ७,९७४ मुद्दलाचे. पुढचा हिशेब तर त्यांनी पाहूच नये. निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षं लागतात. घरात नुकतंच बाळ आलं असेल, तर ते आठवी-नववीत जाईपर्यंत अर्धं घर बँकेचंच. वीस वर्षांचं एकूण व्याज ५४ लाख. म्हणजे एक घर आपल्याला आणि एक बँकेला, असे दोन फ्लॅट आपण घेतो. कर्जापुरतं पाहिलं, तर बँकेचा जरा मोठा असतो.

तरीही काटकसरीला कमी लेखू नये. टूथपेस्ट, पंखा, कोथिंबीर, रिक्षाऐवजी पायी, असं सगळं मिळून कुटुंबानं महिन्याला ६०० रुपये वाचवले आणि पहिल्या महिन्यापासून नेमानं कर्जात भरले, तर २० वर्षांचं कर्ज सुमारे ८ महिने आधी फिटतं आणि दोन लाखांवर व्याज वाचतं. आजीचं ‘थेंबे थेंबे तळे साचे’ गणितानंही खरं ठरतं. वर्षाला एक हप्ता जादा भरला, तर सुमारे साडेतीन वर्षं सुटतात. दिवाळीच्या बोनसचं त्यासाठीच नाव घेतलं जातं, आणि मग त्याचा सोफा येतो. पण ते असो.

अडचण अशी, की त्या तळ्याची चावी मुंबईत आहे. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते. सकाळी दहाला गव्हर्नर बोलायला लागतात. समजा, रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो दर, पाव टक्का वाढला आणि त्याच्यामागं आपल्या कर्जाचाही. हप्ता तेवढाच ठेवला, तर आपल्या ५० लाखांच्या ताज्या कर्जाची मुदत १२ महिन्यांनी लांबते. म्हणजे साडेदहाच्या आत वीस वर्षांची टूथपेस्ट, पंखा आणि कोथिंबीर मिळून कमावलेले आठ महिने गेले, वर चार महिने उधार. आणि आपण तोवर ऑफिसच्या बसस्टॉपवर दहा रुपये वाचवत उभे!

हे काल्पनिक वाटत असेल तर २०२२ आठवा. मे महिन्यापासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो दर सहा वेळा वाढला, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. त्याआधीच्या स्वस्ताईत ज्यानं ७ टक्क्यांनी ५० लाख घेतले, त्याचा हप्ता होता ३८,७६५. साडेनऊ टक्क्यांनी ५० लाखांचं महिन्याचं नुसतं व्याज होतं ३९,५८३. हप्ता भरून वर कर्ज वाढतं, असा हा चमत्कार. बँकांनी काय केलं? हप्ता फार हलवला नाही, मुदत ताणली. हप्तेकरी खूश! सोसायटीच्या गणपतीत एकमेकांना सांगत होते, “आमच्या बँकेनं हप्ता वाढवला नाही हो.” निवृत्तीनंतरही पाच-सात वर्षं हप्ता चालणार, हे त्या प्रसादाच्या शिऱ्यात विरघळून गेलं. पुढं ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, की दर बदलला तर ग्राहकाला कळवा. हप्ता वाढवायचा की मुदत, ते त्याला विचारा. त्याप्रमाणं पत्रं आली. इंग्रजीत होती आणि पाठकोरी होती. हप्तेकऱ्यांच्या घरी त्यांच्या पाठीवर महिन्याची किराण्याची यादी लिहिली गेली.

सोसायटीच्या बाकावरचे निवृत्त काका अशा वेळी म्हणतात, “आमच्या वेळी चौदा टक्के व्याज होतं, आम्ही नाही रडलो.” बरोबर आहे काका. तुमचं कर्ज एका स्कूटरएवढं होतं.

एवढ्या हिशेबानंतर या समाजाच्या अर्थकारणाचा मूळ नियम हाती लागतो. रक्कम जितकी मोठी, तितकी घासाघीस कमी. पाच रुपयांसाठी पंधरा मिनिटं, पासष्ट लाखांसाठी एक कोल्ड कॉफी. याचं कारण गणितात सापडत नाही. बसण्याच्या व्यवस्थेत सापडतं. मावशी जमिनीवर, गोणपाटावर बसलेली असते. बिल्डर, बँक, नोंदणीचं ऑफिस हे सगळे खुर्चीवर बसलेले. खुर्चीवर बसलेल्याशी भाव करायचा नाही, तिथं ‘बघा जमलं तर’ म्हणून हसायचं, हा आपला मध्यमवर्गीय संस्कार. सगळा करारीपणा गोणपाटासमोर. जिच्या पाटीत अख्खा दिवस उन्हात बसून चारशे रुपये जमतात, तिच्याकडून पाच सोडवून आणल्यावर आपण चतुर ठरतो. आणि ज्यांनी आपल्याकडून ५४ लाख घेतले, त्यांनी पाठवलेलं भिंतीवरचं कॅलेंडर आपण कौतुकानं स्वयंपाकघरात टांगतो.

आता चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची हकीकत. त्यांना कोणीतरी सांगितलं, की त्यांचीच बँक नव्या गिऱ्हाइकाला त्यांच्यापेक्षा कमी दरानं कर्ज देते. रेपो सगळ्यांना एकच, पण त्यावर बँक जी भर घालते ती जुन्याला जास्त आणि नव्याला कमी. वहिनींना हे ऐकल्या ऐकल्या समजलं. भाजीवाली ताजी मेथी वर मांडते आणि जुनी ओळखीच्या बाईच्या पिशवीत घालते, यात नवीन काय? त्या बाजाराची पिशवी घेऊनच बँकेत गेल्या.

“नव्यांना काय भाव लावताय?”

“मॅडम, ती स्कीम नवीन कस्टमरसाठी आहे.”

“मी सहा वर्षं वेळेवर भरतेय, म्हणून मी महाग?”

समोरच्या मुलानं ‘सिस्टिम’ नावाच्या देवाचं नाव घेतलं. वहिनी हसल्या. म्हणाल्या, पलीकडची बँक पाव टक्का कमी देतेय. मला कर्ज तिकडं न्यायचंय, बाकी किती राहिलं त्याचं पत्र आणि तुमच्याकडच्या कागदांची यादी तेवढी द्या. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच सांगितलंय, हेही त्यांनी कोथिंबिरीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं. पिशवी खांद्याला लावली. उठल्या. एक पाऊल. दुसरं पाऊल.

“मॅडम, एक मिनिट. मॅनेजरसाहेब आहेत आत.”

थोडी बदल-फी भरून पाव टक्का उतरला. बदल-फीचाही त्यांनी भाव केला, ते सांगायला नकोच. पन्नास लाखांच्या ताज्या कर्जावर पाव टक्का म्हणजे जवळजवळ अकरा महिने. वहिनींचं कर्ज सहा वर्षं जुनं, त्यांचे त्याहून कमी सुटले असतील. तरी एका सकाळच्या मानानं भाव बरा होता.

बातमी लिफ्टमधून पसरली. संध्याकाळी तीन गृहस्थ वहिनींच्या दारात आले. आमच्याही बँकेत चला ना, म्हणाले. वहिनी म्हणाल्या, येते की. पहिल्या वर्षी जेवढं व्याज वाचेल, त्याच्या दहा टक्के माझी फी. तिघंही शिकलेले, चांगल्या पगाराचे. बँकेच्या टेबलासमोर ‘बघा जमलं तर’ या पलीकडं एक शब्द न काढलेले. वहिनी उंबऱ्याजवळ पाटावर बसून मटार सोलत होत्या. तिघांनी त्यांच्याकडं खाली पाहिलं आणि एका सुरात म्हणाले, “वहिनी, जरा कमी करा की. घरातलेच आहोत.”

त्या दिवसापासून वहिनींची फी पंधरा टक्के आहे.