रुसवेफुगवे खाते

गणपतीच्या वर्गणीची पावती हातात पडली की बहुतेक माणसे आकडा बघतात आणि घडी करून ती फ्रिजवरच्या ढिगात सारतात. मी ती वाचतो. डाव्या बाजूला बारीक टायपात कार्यकारिणी छापलेली असते. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उत्सवप्रमुख, चार उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, सहखजिनदार, हिशेब तपासनीस, प्रसिद्धिप्रमुख, मिरवणूकप्रमुख. त्याखाली सल्लागार, त्याखाली मार्गदर्शक आणि अगदी तळाशी, इमारतीत असतात तिथेच, आधारस्तंभ. गल्लीत घरे पस्तीस, पदाधिकारी एकतीस. राहिलेल्या चार घरांत भाडेकरू.

सरकारला ही चैन परवडत नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला वेसण घातली. विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त मंत्री नेमता येत नाहीत. महाराष्ट्रात आमदार २८८, तेव्हा मुख्यमंत्र्यांना धरून फार तर ४३. बाकीच्यांचे काय करायचे हा प्रश्न त्या दुरुस्तीने सोडवला नाही, म्हणून महामंडळे आहेत. मंडळाला आधारस्तंभ, सरकारला महामंडळ. हाच १५ टक्क्यांचा नियम आमच्या गल्लीला लावून बघा. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत दुसरे मंडळ उभे राहील आणि त्याच्या नावाआधी ‘अखिल’ असेल.

निबंधाच्या पुस्तकात पुढाऱ्याचे गुण दिलेले असतात: दूरदृष्टी, धडाडी, वक्तृत्व, त्याग. दर १ ऑगस्टला टिळकांच्या शेंगांच्या टरफलांवर भाषण ठोकणाऱ्या मुलांना ते पाठ असतात. टरफलांची गोष्ट आपण बाणेदारपणाची म्हणून सांगतो आणि ती आहेही. पण मला लहानपणापासून एक शंका आहे. मग टरफले उचलली कोणी? गोष्ट तिथवर जात नाही. माझा अंदाज असा की मागच्या बाकावरच्या कुणीतरी मधल्या सुट्टीत निमूटपणे ती गोळा केली असणार, मास्तरांचा राग उतरवला असणार आणि ज्यांनी खरोखर शेंगा खाल्ल्या होत्या त्यांनाही सांभाळून घेतले असणार. त्या मुलाचे नाव इतिहासात नाही, पण वर्ग तोच चालवत होता.

माझे म्हणणे एवढेच की पुढारीपणाचा मोठा भाग रुसवे काढण्यात जातो. दूरदृष्टी वगैरे गोष्टी उरलेल्या वेळात.

याचे शिक्षण आपल्याकडे गॅदरिंगमध्ये मिळते. वर्गात ते देता येत नाही, कारण वर्गात पत्रिका छापायची नसते. गॅदरिंगची पत्रिका छापायची म्हटली की अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा कळते की मराठी वर्णमाला ही फार सोयीची गोष्ट आहे. नावे वर्णानुक्रमे टाकली की भांडण टळते. अर्थात अभ्यंकर खूश आणि क्षीरसागर नाराज, ही त्या उपायाची मर्यादा. मग क्षीरसागरला आभारप्रदर्शन द्यायचे. नाटकवाल्यांना वाटते की नाचवाल्यांनी वेळ खाल्ला, नाचवाल्यांना वाटते की ऑर्केस्ट्राने खाल्ला, आणि सगळ्यांचा मिळून खरा वेळ प्रमुख पाहुण्यांनी खाल्लेला असतो, पण त्यांच्यावर रुसता येत नाही. फिशपाँडचे तर शास्त्रच वेगळे. जुनी माणसे त्याला शेलापागोटे म्हणत. आपल्यावर फिशपाँड पडला म्हणून रुसणारे थोडे असतात. पडलाच नाही म्हणून रुसणारे पुष्कळ, आणि त्यांची समजूत काढणे जास्त अवघड, कारण त्यांना रुसण्याचे कारण सांगता येत नाही. हुशार जीएस (जनरल सेक्रेटरी) आदल्या रात्री बसून अशा दहाबारा उपेक्षितांवर स्वतःच चिठ्ठ्या लिहितो आणि डब्यात टाकतो. समाजकल्याणाचे खाते चालवायला याहून वेगळे काय लागते?

मग तो समारंभ. व्यासपीठावर खुर्च्या सात आणि मान्यवर अकरा, हे प्रमाण मी अनेक गावांत पाहिले आहे, त्यात फरक पडत नाही. दीपप्रज्वलनाची घोषणा होते. पाहुणे हातात मेणबत्ती घेऊन समईपुढे वाकतात, वात पेटते, विझते, पुन्हा पेटते, पुन्हा विझते. प्राचार्य ओंजळीचा आडोसा धरतात. फोटोग्राफर म्हणतो, “सर, असंच राहा.” निवेदिका तेजाविषयीचा श्लोक दुसऱ्यांदा म्हणते. आणि मग विंगेतून कुणीतरी वाकून धावत जातो आणि पंखा बंद करतो. त्याच एका मिनिटात, सगळ्यांच्या नजरा समईवर असताना, तो पडद्यामागून चार खुर्च्याही लावून घेतो. जीएसची निवडणूक कोणीही जिंकलेली असो, त्या कॉलेजचा खरा कारभार या पंखेवाल्याकडे आहे हे प्राचार्यांना, शिपायाला आणि कँटीनवाल्याला बरोबर माहीत असते.

निवडणुकीचे म्हणाल तर तिची कहाणी मोठी मजेची आहे, आणि सुरुवातीला मुळीच मजेची नाही. कॉलेजच्या निवडणुकांत मारामाऱ्या वाढल्या, मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांवर पडदा टाकला. त्याऐवजी नियम आला तो असा की आदल्या वर्षीच्या परीक्षेत वर्गात चमकलेला विद्यार्थी हाच वर्गाचा प्रतिनिधी. खेळ, एनएसएस, सांस्कृतिक वगैरेंतून एकेक जण, प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली, आणि या सगळ्यांनी मिळून आपल्यातला सचिव निवडायचा. म्हणजे ज्या मुलाला चष्मा, ग्रंथालय आणि डबा यांपलीकडे जगात काही नको होते त्याच्या गळ्यात लोकशाहीची माळ पडली. मतदार उरले वीस-पंचवीस. आणि मतदार इतके थोडे असले की प्रचार करण्यापेक्षा त्यांना जपून ठेवणे सोपे जाते, हा शोध आपल्या मुलांना लावायला फार वेळ लागला नाही. मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस गणिताचा टॉपर अचानक वर्गातून नाहीसा व्हायचा आणि लोणावळ्याला नाहीतर महाबळेश्वरला चिक्की खाताना सापडायचा. घरी त्याने ‘स्टडी टूर’ सांगितलेली असे. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, तिथल्या झाडी-डोंगरांचे कौतुक फोनवरून महाराष्ट्रभर ऐकू आले, तेव्हा लोकांना नवल वाटले. नव्वदीत कॉलेजात असलेल्यांना वाटले नाही. त्यांना फक्त अंतर वाढलेले दिसले.

कॉलेजच्या निवडणुकांवर पुढे दिल्लीतही विचार झाला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये सांगितले की उमेदवाराने ५ हजार रुपयांहून जास्त खर्च करू नये आणि छापील पोस्टर मुळीच लावू नये, हाताने रंगवलेले चालेल. ही अट मला फार आवडते. सुंदर अक्षर असलेल्या मित्राशी सलोखा ठेवल्याशिवाय निवडणूक लढवता येणार नाही. पुढे २०१६ च्या नव्या कायद्याने महाराष्ट्रात खुल्या निवडणुका परत आणायचे ठरवले, २०१९ मध्ये त्या होणार असे वातावरणही झाले, तेवढ्यात मोठ्यांची विधानसभा निवडणूक आडवी आली. घरात पाहुणे आले की मुलांचा वाढदिवस पुढे ढकलावा तसेच झाले. त्यानंतर करोना.

तरी मुले गप्प बसली नव्हती. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी एकदा जाऊन पाहावे. १९६३ पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा. पण पडदा उघडायच्या आधी प्रेक्षागृहात जे होते तीच अर्धी स्पर्धा. एका कोपऱ्यातून कुणीतरी ओरडते, “अरे, आवाज कुणाचा?” आणि छप्पर उडेल अशा आवाजात कॉलेजचे नाव येते. दुसरा कोपरा त्याहून मोठ्याने उत्तर देतो. हीच हाळी शिवसेनेच्या मेळाव्यात ऐकू येते, फक्त उत्तर बदलते. सुरुवात कुणी केली या वादात मी पडत नाही. दोन्ही बाजूंचे आवाज मोठे आहेत. मला त्यातला तो पहिला, एकट्याने ओरडणारा मुलगा आवडतो. मागून कुणी साथ दिली नाही तर आपले काय होईल, याचा तो अर्ध्या सेकंदासाठी सुद्धा विचार करत नाही.

रुसण्यावर आपल्याकडे पूर्वीपासून बायकांचा शिक्का. कैकेयीपासून कोपभवन त्यांच्या नावावर आहे. प्रत्यक्षात सार्वजनिक जीवनातला रुसायचा हक्क पुरुषांनी जवळजवळ सगळा स्वतःकडे ठेवला आहे, आणि त्याला ‘नाराजी’ असे भारदस्त नावही दिले आहे. बातम्या लावा. अमुक नेते नाराज, तमुक नेते ‘नॉट रिचेबल’. पत्नीने दोन तास फोन उचलला नाही तर तो तमाशा, नेत्याने दोन दिवस उचलला नाही तर ते राजकारण. मग दुसरा नेता त्यांच्या बंगल्यावर जातो, बंद दाराआड चर्चा होते, बाहेर येऊन दोघेही सांगतात की नाराजी नव्हतीच. गॅदरिंगमध्ये रांगोळी काढणाऱ्या, औक्षणाचे तबक धरणाऱ्या, स्वागतगीताची तालीम घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पत्रिकेत त्यांची नावे नव्हती. त्या रुसल्या असतील तर कुणाला कळले नाही, कारण रांगोळी वेळेवर झाली होती. २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. सरपंचबाई नॉट रिचेबल झाल्याची ठळक बातमी अजून माझ्या वाचनात नाही. तो मोबाइल बऱ्याचदा सरपंचपतींच्या खिशात असतो हे एक कारण असावे.

रुसव्याची धास्ती देशालाही आहे, म्हणून दिल्लीने त्याचा रीतसर तक्ता केला आहे. कोणी कोणाच्या आधी बसायचे हे ठरवणारा अग्रक्रमाचा तक्ता १९७९ चा, त्यात अधूनमधून भर पडलेली. पहिले राष्ट्रपती, दुसरे उपराष्ट्रपती, तिसरे पंतप्रधान, चौथे आपापल्या राज्यात राज्यपाल, असे करत करत खासदार येतात एकविसाव्या क्रमांकावर. त्या तक्त्यालाच एक टीप जोडलेली आहे की हा क्रम समारंभांपुरता आहे, सरकारच्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध नाही. इतके प्रांजळ वाक्य सरकारी कागदात क्वचित सापडते. आमच्या मंडळाच्या पावतीखाली ते छापायला हरकत नाही.

यशवंतराव चव्हाण कराडच्या शाळेत असताना शिक्षकांनी मुलांना विचारले होते की तुम्ही पुढे कोण होणार. बाकीच्यांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली. यशवंतरावांनी लिहिले की मी यशवंतराव चव्हाण होणार. हल्ली चौकात फ्लेक्स पाहतो तेव्हा ही गोष्ट आठवते. गॉगल, कानाला फोन, हात जोडलेले, आणि नावामागे ‘भावी नगरसेवक’. खाली शुभेच्छुकांचे चाळीस गोल चेहरे. या चेहऱ्यांचे मापही सारखे ठेवावे लागते. एकाचा गोल अर्ध्या इंचाने मोठा झाला की पुढच्या वाढदिवसाला दुसरा फ्लेक्स आणि दुसरा भावी नगरसेवक. मात्र मी त्या पोराला हसत नाही. चाळीस जणांचे फोटो वेळेवर मिळवणे, कुणाचाही वगळला जाऊ न देणे, आणि फ्लेक्सवाल्याकडून रात्री बाराच्या आत तो लावून घेणे, हे काही सोपे काम नाही.

तो पंखा बंद करणारा मुलगा आता मंडपाचा ठेका घेतो. तालुक्यात त्याच्याशिवाय सभा होत नाही. व्यासपीठ, खुर्च्या, सोफा, समई, पाहुण्यांसाठी टर्किश टॉवेल घातलेली मधली खुर्ची, सगळे त्याचे. सकाळी एका पक्षाचे झेंडे उतरतात, दुपारी त्याच खांबांना दुसऱ्याचे चढतात. मी त्याला विचारले की कधी स्वतः उभे राहावेसे वाटले नाही का. तो म्हणाला, “काका, दोन्ही पार्ट्यांची मागच्या इलेक्शनची उधारी आहे माझ्याकडे. उभा राहिलो तर ती बुडेल.” या वर्षी त्याने नियम केला आहे, आधी मागची बाकी, मग खांब. एका पुढाऱ्याने यावर रुसून शेजारच्या तालुक्यातला मंडपवाला आणला. सभेला पाऊस आला आणि ताडपत्री आखूड पडली. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याचा माणूस पाकीट घेऊन याच्या गोडाऊनवर हजर. याने पैसे मोजले, पावती दिली आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.