उतरंड

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. खाली सगळ्यात थोरलं मडकं, त्यावर त्याहून लहान, असं करत करत अगदी वर एक इवलंसं बोळकं. बोळक्यात रोजची मोहरी आणि तळाच्या मडक्यात पुढच्या वर्षाचं बियाणं. तळातलं काही हवं असेल तर आधी सगळी उतरंड उतरवायची, आणि ते काम आजी दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

साठ वर्षांनी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये भाच्याने मला ‘टेक्नॉलॉजी स्टॅक’ म्हणजे काय ते इस्त्रीच्या शर्टातल्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं. मी म्हटलं, "अरे, ही तर उतरंड!" "हां, तसंच काहीसं," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. हिंजवडीला जाणारी मुलं बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे बघतात, तसं.

हा पुठ्ठा निघायला कारण झालं तेल. आमच्या हिचा घरगुती फराळाचा धंदा आहे. वर्षभर भाजणी आणि मेतकूट; दिवाळीआधी दोन महिने मात्र चकली, लाडू, अनारसे यांची धांदल, कारण परदेशी जाणारी पार्सलं आधी निघतात. ऑर्डरी, पत्ते, उधारी, सगळा कारभार एका दोनशे पानी वहीत. त्या वर्षी वहीवर पळीभर तेल सांडलं आणि पान असं काही पारदर्शक झालं, की मागच्या बाजूचे आकडे पुढे येऊन बसले. बाकीचे आकडे उलटे दिसतात, ते ओळखू येतात. शून्य दोन्हीकडून शून्यच. मागचं एक शून्य पुढच्या ‘२ किलो चकली’तल्या दोनाला नेमकं खेटून उमटलं, आणि पलीकडच्या इमारतीतल्या एका काकूंच्या दारात वीस किलो चकली जाऊन उभी राहिली. काकू एकट्या. त्यात कवळी.

"मामी, तुला सिस्टिम हवी," भाचा म्हणाला.

"हवी ना," ही म्हणाली. "पण तेलकट हाताने चालली पाहिजे."

पुढच्या सहा महिन्यांच्या चर्चेत नेमकी अशी अट एवढी एकच मांडली गेली, आणि ती कुणी लिहून घेतली नाही.

पुठ्ठ्यावर चौकोन वाढत गेले. वर रिअॅक्ट, मध्ये नोड, खाली मोंगोडीबी, आणि या सगळ्याला कवेत घेणारं क्युबरनेटिस. हा ग्रीक शब्द. अर्थ सुकाणू धरणारा. गूगलने २०१४ मध्ये ही वस्तू जगापुढे ठेवली, ती यंत्रांचे ताफे हाकणाऱ्यांसाठी. आमचा ताफा म्हणजे दोन कढया, एक सोऱ्या आणि तळायला येणाऱ्या मावशी. शिवाय प्रत्येक पदार्थाची मायक्रोसर्व्हिस वेगळी असणार होती.

"म्हणजे बघ मामी, चकली-सर्व्हिस पडली तरी लाडू-सर्व्हिस चालू राहील."

"चकली पडली तर मी भाजणीत मोहन बघते," ही म्हणाली. "लाडवाचा काय संबंध?"

मोंगोचं वैशिष्ट्य म्हणजे रकाने आधी ठरवावे लागत नाहीत. ज्याला जे जसं लिहायचं ते तसं लिहिता येतं. "मग आमच्या वहीने काय घोडं मारलंय?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने हुकमाचं पान काढलं. "समज, उद्या एकदम दहा हजार ऑर्डरी आल्या तर? स्केल व्हायला नको?"

"आल्या तर मी फोन बंद करीन. सोऱ्या एकच आहे."

मला संगणकाचं वावडं नाही. म्हणजे होतं, पण ते रीतसर होतं. ऐंशीच्या दशकात बँकेत यंत्रं येणार म्हटल्यावर संघटनेच्या झेंड्याखाली मीही घसा कोरडा केला आहे. १९८४ सालचा रंगराजन समितीचा अहवाल आमच्यातल्या कुणीही न वाचता आम्ही त्याचा कडाडून निषेध केला होता. पुढे यंत्रं आली, लेजरं गेली, मग कोअर बँकिंग आलं, आणि खाती एका यंत्रणेतून दुसरीत नेताना अख्खी शाखा रात्र रात्र जागली. त्या रात्रींनी एक गोष्ट शिकवली. नवं यंत्र कुणीही विकतो. जुन्यातला आकडा धड बाहेर काढून देणारा मिळत नाही. तळाचं मडकं. भाचा वरच्या बोळक्याचा रंग कोणता असावा यावर दोन रविवार घालवत होता, म्हणून मी त्याला डॅन मॅकिन्ली नावाच्या अभियंत्याचा २०१५ सालचा लेख दाखवला. हा गृहस्थ आधी एट्सीत, म्हणजे हाताने केलेल्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात, कामाला होता. त्याचं म्हणणं असं, की कंटाळवाणं तंत्रज्ञान निवडावं. कुठल्याही कंपनीच्या गाठीला नावीन्याची साधारण तीनच टोकनं असतात, ती जपून खर्चावीत.

"माझं एक गेल्या वर्षी ओट्सच्या चिवड्यावर गेलं," ही म्हणाली. "खपला नाही."

तीन महिन्यांत भाच्याचं लॉगिनचं पान तयार झालं. फार सुंदर होतं. आत जाण्याजोगं अजून काही नव्हतं. शेवटी एका रात्री त्याने कबूल केलं, "मामा, खरं सांगू? मला क्युबरनेटिस रेझ्युमेवर हवं होतं." मला राग आला नाही. आमच्या शाखेतही एका साहेबाने केवळ बढतीच्या मुलाखतीत सांगता यावं म्हणून टोकनची पद्धत तीनदा बदलली होती.

दरम्यान हिने परस्पर एका वेबसाइटवाल्याला काम दिलं. पाच पानांची साइट, पहिल्या पानावर फिरणारी पणती. ग्राहकाने ऑर्डर भरली की ती हिच्या पडद्यावर उमटणार. पहिली ऑर्डर उमटली ती अशी: ‘???? २ किलो’. दुसरी: ‘??? १ किलो’. आकडे शाबूत, जिन्नस गायब. किती ते कळत होतं, काय ते नाही.

भाच्याने आत डोकावून निदान केलं. त्या माणसाने डेटाबेस लॅटिन लिपीपुरताच मांडला होता. त्याला देवनागरी म्हणजे नुसती शंका. पण या शंकेतही शिस्त होती. यंत्र काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळं सुटं मोजतं आणि प्रत्येकाला एकेक प्रश्नचिन्ह देतं. मग आम्ही तिघं शब्दकोडं घेऊन बसलो. तीन प्रश्नचिन्हं म्हणजे शेव. सहा म्हणजे अनारसे. लांबलचक आठांची रांग म्हणजे शंकरपाळे. तिला आम्ही ओळखीची बाई भेटावी तसे हसायचो. पाचांत करंजी आणि चिवडा यांची भांडणं. आणि चार? चकलीही चार, लाडूही चार! तिथे फोन करावाच लागे. "काकू, आपली ऑर्डर आलीय. काय मागवलंत ते फक्त सांगता का?" एकीने विचारलं, "मग वेबसाइट कशाला काढलीत हो?"

साइट बंद करायची म्हटल्यावर कळलं, की डोमेन त्याने स्वतःच्या नावावर घेतलंय. घर आपण बांधायचं आणि सातबारा त्याचा! आमच्या फराळ केंद्राच्या नावाने हल्ली तिथे कसल्याशा पत्त्यांच्या खेळाची जाहिरात येते. पणती मात्र अजून फिरते.

मग भाच्याने चहा निवायच्या आत एक गूगल फॉर्म केला. ग्राहक पदार्थापुढे टिचकी मारतो, किलो भरतो आणि ते सरळ शीटमध्ये जाऊन बसतं. शीट उतरवून घेता येते, म्हणजे तळाचं मडकं आपल्या घरात. ती सकाळी छापायची आणि पारदर्शक पिशवीत घालून कढईमागच्या फरशीला चिकटवायची. तेल उडालं की फडकं मारायचं. फॉर्म व्हॉट्सअॅपवरून जातो. पैसे यूपीआयने येतात आणि आले की डबी ओरडून सांगते. मावशींना शीट वाचायची नसते, म्हणून तिखटाच्या पिशवीला लाल टिकली आणि गोडाच्या पिशवीला पिवळी. भाचा दोन दिवस उदास होता. हे रेझ्युमेवर कसं लिहायचं?

वहीदेखील आहे. तिच्यात उधारी असते. उधारी क्लाउडवर ठेवायची नाही, लोक दुखावतात, असं हिचं मत.

या दिवाळीत एका रात्री हिने त्याला सोऱ्याला जुंपलं. पंधरा मिनिटं पिळल्यावर दंड चोळत तो शीटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामी, बाकी सगळं वेळेत होतंय. सगळं तुंबतंय ते इथे. आपण आणखी एक सोऱ्या घ्यायचा का?"

"सहा महिने मी दुसरं काय सांगत होते?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः तुळशीबागेत गेला, आणि चांगला जड पितळी सोऱ्या घेऊन आला. तेल तापलं होतं. हिने जुन्यातली तारकेची चकती काढली, पुसली, नव्यात घालून पाहिली. उलटी करून पाहिली. गॅस बारीक केला.

"बसत नाही," ती म्हणाली. "घेताना जुनी चकती बरोबर न्यायची असते रे."